सेलवरची सूचना काढू नका

हिशोबाचं काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. एक्सेलमध्ये सेलवर, म्हणजे तक्त्यातल्या एका चौकोनावर, गेलं की उघडणारी सूचनेची चौकट काढून टाका, असं त्यात म्हटलंय. कारणं चार: तिला मॅक्रो (शीटमध्ये घालायचा छोटा प्रोग्राम) लागतो, कमेंटने तेच काम होतं, चुकीचा आकडा अडवणारा एरर असला की पुरे, आणि ती चौकट कुणी वाचत नाही. मी नाशिकमध्ये राहून निफाड तालुक्यातल्या कांदा व्यापाऱ्यांसाठी शीट्स तयार करते. हा सल्ला नुकसान करणारा आहे.

मॅक्रो अजिबात लागत नाही. सेल निवडा, ‘डेटा’ टॅबवर ‘डेटा व्हॅलिडेशन’ उघडा, ‘इनपुट मेसेज’मध्ये शीर्षक आणि मजकूर लिहा. सेलमध्ये काय चालेल याची कुठलीही अट न घालताही हे चालतं, आणि फाईल साधीच राहते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही ‘व्हॅलिडिटी’खाली ‘इनपुट हेल्प’ म्हणून हीच सोय आहे.

कमेंट, म्हणजे सेलला जोडलेली टीप, उघडते माउस वर नेला की. खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा उतरवायच्या जागेवर, नोंदी करणारा पोरगा माउसला हातही लावत नाही. आकडा, टॅब, आकडा, एंटर असं त्याचं चाललेलं असतं. टॅबने सेलवर पोचलात तरी दिसते ती इनपुट मेसेजची चौकट.

आता एररचा मुद्दा, आणि खरं नुकसान इथेच होतं. भुईकाट्याची (गाडीसकट वजन करणाऱ्या काट्याची) पावती किलोत असते, सौदापट्टीवरचा, म्हणजे लिलावाच्या चिठ्ठीवरचा, भाव क्विंटलचा. एका खळ्यावर वजनाला ६० क्विंटलची मर्यादा घातलेली होती, सूचना मात्र नव्हती. नव्या मुलाने पावतीवरचे २५४० तसेच टाकले. एक्सेलने नोंद अडवली आणि इंग्रजीत एवढंच सांगितलं, की हा आकडा या सेलच्या अटीत बसत नाही. कुठली अट? त्याने २५४ टाकून पाहिलं, तेही अडलं. शेवटी सेल रिकामा ठेवून तो पुढे गेला, आणि बाहेर ट्रॅक्टर रिकामा करून उभा असलेला शेतकरी हिशोबपट्टीची वाट बघत राहिला. ‘वजन क्विंटलमध्ये. २५४० किलो म्हणजे २५.४०’ एवढी एक ओळ त्या सेलवर असती तर हे घडलंच नसतं.

शिवाय काही चुका एररला दिसतच नाहीत. ०५/०४ ही तारीख घ्या. संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर आपला ५ एप्रिल तिथे ४ मे होतो. दोन्ही तारखा वैध, त्यामुळे अडवायचं कशाच्या आधारावर? तिथे मी ‘महिना अंकात नको, इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं लिहा’ अशी सूचना ठेवते. चूक टाइप होण्याआधी बोलणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

‘कुणी वाचत नाही’ हे लांबलचक सूचनांबाबत खरं आहे. प्रत्येक सेलवर चौकट लावली तर माणूस वैतागणारच. मी ती तीनच रकान्यांवर लावते: तारीख, वजन, भाव. ‘लाल, रांगडा, उन्हाळ’ यासाठी यादी दिलेली असते, तिथे सूचना कशाला? शीर्षकाला ३२ आणि मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘कांदा’ची पाच होतात. म्हणजे मराठीत लिहिताना आटोपशीर लिहावंच लागतं. चौकट शेजारचा आकडा झाकत असेल तर ती माउसने धरून बाजूला सरकवता येते.

एक उणीव मात्र मीही मान्य करते, त्या मजकुरात ती आलेलीच नाही. दुसरा सेल कॉपी करून इथे पेस्ट केला की सूचना आणि अट दोन्ही पुसल्या जातात. म्हणून पेस्ट करताना ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ घ्यायच्या. सूचना टिकते, पण पेस्ट केलेला आकडा अटीवर तपासला जात नाही. तो पावतीशी ताडून बघावा लागतो.