रीगल सिनेमासमोरचा कावसजी जहांगीर हॉल

मुंबईत चित्रांच्या संदर्भात 'जहांगीर' म्हटलं की सगळ्यांना काळा घोड्याची आर्ट गॅलरी आठवते. ती १९५२ची. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमसमोरचा सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल तिच्याहून चार दशकांनी जुना, १९११चा. आज आपण त्याला एनजीएमए म्हणतो, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. तिथे चित्रं पाहून बाहेर पडणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की आपण एका सभागृहातून फिरून आलो?

आराखडा जॉर्ज विटेटचा. समोरचं म्युझियम त्याचंच, गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. पैसा कावसजी जहांगीर यांचा. या हॉलमध्ये सभा गाजल्या, गाण्याबजावण्याच्या मैफली झाल्या. पुढे शहरात नवी, वातानुकूलित सभागृहं आली आणि याचे दिवस फिरले. मग मिळेल त्याला हॉल भाड्याने द्यायचा: मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागत समारंभ, चपला-बुटांचे आणि हातमागाच्या कापडाचे सेल!

अनेक जण याला वास्तूची अवहेलना म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या हॉलमध्ये युनियनचा कामगार आणि लग्नातला वऱ्हाडी दोघेही हक्काने शिरत होते, तो खऱ्या अर्थाने पब्लिक हॉल होता. दुर्दशा झाली ती देखभालीअभावी.

तो वाचला तो शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि आर्ट गॅलरी चालवणारे केकू गांधी यांच्यासारख्या कलाप्रेमींनी पाठपुरावा केला म्हणून. बाहेरचं दगडी रूप तसंच ठेवून आतली उंच पोकळी मजल्यामजल्यांत विभागली गेली. अर्धगोल जिन्यांनी चढत चढत आपण थेट घुमटाखाली पोहोचतो. हे काम बारा वर्षं चाललं आणि १९९६मध्ये संग्रहालय खुलं झालं. पिलूबाई १९८६मध्येच गेल्या. त्यांना ते पाहायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आत एकसंध सभागृह उरलं नाही, हे नुकसान आहेच. तरीही पाडून टॉवर उभारण्यापेक्षा हे शतपटीने बरं. पण मग या वास्तूची गोष्टही तिथे सांगितली गेली पाहिजे. एक भिंत कायमची तिच्यासाठी ठेवा: विटेटचा आराखडा, सभांची हँडबिलं, मैफलींच्या जाहिराती, सेलचे फलक, जे मिळेल ते. आणि हो, लग्नाच्या आमंत्रणपत्रिकाही.

तुमच्या आजी-आजोबांच्या अल्बममध्ये या हॉलमधल्या समारंभाचा फोटो असेल तर कॉमेंटमध्ये जरूर टाका. साल आठवत असेल तर तेही लिहा.