टॉवेल-टोपी लेखी आणि सोनं तोंडी?

परवा आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत विषय निघाला, एका मुलीने होणाऱ्या नवऱ्याला म्हटलं की माझा लग्नाआधीचा फ्लॅट माझाच राहील असं लिहून ठेवूया, तर बायका अशा बघायला लागल्या की जणू तिने श्रावणी सोमवारी मटण मागितलं. "अजून अक्षता पडल्या नाहीत आणि मोडायची भाषा!"

अहो पण याद्यांना बसतो तेव्हा आपण काय करतो? वर श्री लिहून, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून, मानपानाच्या साड्या किती, टॉवेल-टोप्या किती, हॉल कुणाकडे, वाजंत्री कुणाकडे, सगळं लिहितो आणि दोन्हीकडचे मामा खाली सह्या ठोकतात. मुलीच्या अंगावरच्या सोन्याचं मात्र "ते काय, घरातलंच आहे".

आता प्रीनपचं, म्हणजे लग्नाआधी करायच्या मालमत्तेच्या कराराचं म्हणाल तर तो आपल्याकडे कोर्टात टिकेल या भरवशावर कुणी राहू नये. हिंदू लग्न संस्कार मानलं जातं, आणि 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 आडवं येतं, सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल. गोव्यात वेगळं आहे, तिथे पोर्तुगीजांच्या वेळचा कायदा, लग्नाआधी करार केला नाही तर मालमत्ता दोघांची सामाईक. नाशकात तसं काही नाही बाई, ज्याच्या नावावर त्याचं.

म्हणून तर कागद बघा म्हणते. हुंडाबंदी कायद्याखाली 1985 चे नियम आहेत, लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. म्हणजे सरकारच सांगतंय लिहा म्हणून, आणि आपण लाजतोय! त्याच वर्षी प्रतिभा राणी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्त्रीधन बायकोचंच, सासरच्यांकडे ते फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं. पण सराफ बाजारातलं बिल सासऱ्यांच्या नावाने आणि लॉकर सासूबाईंच्या, मग सिद्ध काय कपाळ करणार?

त्याहून जास्त राग मला हप्त्यांचा येतो. त्याचा पगार घराच्या हप्त्यात, तिचा किराणा, शाळेची फी, गॅस, सासूबाईंची औषधं. पंधरा वर्षांनी बँकेच्या स्टेटमेंटला घर फक्त त्याने घेतलेलं दिसतं. हां, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचणार असेल तर बायकोचं नाव बरोब्बर आठवतं 😄

आणि हे काही परदेशी फॅड नाही. आपल्या चांदवडला 1986 साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, पुढे त्यांनीच लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती करून दिली. कुणाचे संसार मोडले नाहीत त्याने. आज मात्र आयटीवाला जावई सुद्धा "विश्वास नाही का माझ्यावर" म्हणतो.

पुरुषांसाठी पण एक सांगते, विशेषतः अंबडला वर्कशॉप असलेले नाहीतर द्राक्षबागेवर कर्ज काढलेले. टर्म इन्शुरन्स घेताना 1874 च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घ्या, मग ते पैसे बायको-पोरांचेच, देणेकऱ्यांना सहसा त्याला हात लावता येत नाही. फक्त हे पॉलिसी काढतानाच करावं लागतं, नंतर नाही होत, आणि एजंट स्वतःहून सांगेलच असं नाही, तेव्हा फॉर्म भरताना तुम्हीच विचारा.