टोक काढलेला माल

"टोक काढलेली पेन्सिल परत घेत नाही," दुकानदार मान वर न करता म्हणाला. लेकीची चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा तोंडावर, आणि ही टू-बी पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवली की शिशाचा तुकडा गळून खाली. आता टोक न काढता आतलं शिसं मोडकं आहे हे कळावं कसं? नारळवाला निदान वाजवून तरी देतो!

तेवढ्यात आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेले एक काका मध्ये पडले. "बघू." चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेन्सिलीचं बूड डोळ्याशी नेलं. "शिसं मध्यावर नाही."

मी दुकानदाराकडे विजयी मुद्रेने पाहिलं. घाई झाली.

"लाकडाच्या दोन पट्ट्या. दोन्हींना खाचा. एकीत शिसं ठेवायचं, वर दुसरी चिकटवायची, मग कापायचं. खाच हुकली की शिसं एका कडेला. लाकूड बहुतेक पुलवामाकडचं. पॉपलर."

"हो, पण काका, परत..."

"आणि शिसं कसलं? ग्रॅफाइट आणि चिकणमाती! 1795. फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध, तिकडून ग्रॅफाइट येईना. कॉन्ते नावाच्या फ्रेंच संशोधकाने भुकटीत माती कालवली, भट्टीत भाजली. माती जास्त तर शिसं कडक. तुमचं टू-बी, म्हणजे मऊ. पाडली कुणी?"

"कुणीच नाही."

"पाडली असणार. वरून ओरखडा नसतो, आत तुकडे."

मग उलटतपासणी. बाकावरून पडली की टेबलावरून? खाली फरशी की सतरंजी? आलेखाचे कागद घ्यायला आलेलं एक शाळकरी पोरगंही म्हणालं, "पडलीच असेल."

हे नेहमीचंच. मोबाइल नेला की "पाणी गेलंय", मिक्सर नेला की "जास्त भरलं असेल". माल कारखान्यातूनच वाकडा निघू शकतो, हे काउंटरपलीकडे कुणाला मान्यच नाही. प्रश्न दहा रुपयांचा नाही. म्हणजे, दहा रुपयांचाही आहे.

"थांबा, सिद्धच करतो," म्हणत काकांनी काउंटरवरच्या पाकिटातलं नवं ब्लेड काढलं आणि पेन्सिल उभी चिरली. आत शिशाचे चार तुकडे. काकांचा चेहरा उजळला. "बघा!"

"पण हे पडून झाले, की मुळातच होते?"

"ते आता कसं सांगणार? चिरली ना."

दुकानदाराने नव्या पेन्सिलीचे दहा रुपये घेतले. वर ब्लेडचे दोन.