जज कोणी नेमला ते सांगा, निकाल मी सांगतो?

एक मेसेज बरेच दिवस मराठी ग्रुपांवर फिरतोय. ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत त्यांच्या ग्रुपांवर जरा जास्तच. त्याचा मथितार्थ असा: "अमेरिकेतले फेडरल (केंद्र सरकारच्या कोर्टांतले) जज म्हणजे काळा झगा घातलेले पुढारी. कोणत्या प्रेसिडेंटने नेमलंय ते बघा, निकाल आधीच कळतो. वकील हवा तो जज निवडतात. कायदा नावापुरता, जजच्या मनात येईल ते खरं. तिथली ज्युरी (खटला ऐकायला बसवलेले सामान्य नागरिक) कॉफी सांडली तरी कोट्यवधी देते. आणि एक साधा जिल्हा जज अख्खं सरकार अडवून धरतो."

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे आणि एक परवापरवापर्यंत बरंचसं खरं होतं. बाकीची तपासायला घेतली की हातात फारसं काही राहत नाही.

आधी नेमणुकीचं बघू, आणि उदाहरणं व्हिसाच्याच खटल्यांतली घेऊ, कारण हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा जीव तिथेच अडकलेला असतो. 22 जून 2020 ला ट्रम्प यांनी घोषणा काढून एच-1बी, एल-1 वगैरे कामाच्या व्हिसांवर नव्याने येणाऱ्यांना वर्षअखेरपर्यंत दारं बंद केली. त्याविरुद्ध दावे झाले. वॉशिंग्टनमध्ये प्रकरण गेलं अमित मेहता यांच्यापुढे. जन्म गुजरातेतल्या पाटणचा, नेमणूक ट्रम्प यांच्या विरोधी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांची. मेसेजच्या हिशेबाने निकाल ठरलेलाच. 4 सप्टेंबरला मेहतांनी कामाच्या व्हिसांवरची बंदी उठवायला नकार दिला. परदेशी माणसाचा प्रवेश थांबवण्याचा अधिकार कायद्याने राष्ट्राध्यक्षाला फार मोकळ्या हाताने दिलाय आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो तसाच वाचलाय, हे त्यांचं म्हणणं. लॉटरीने मिळणाऱ्या डायव्हर्सिटी व्हिसांची कामं मात्र सरकारला सुरू करायला लावली. म्हणजे त्याच निकालपत्रात एक वादी रिकाम्या हाताने परतला आणि दुसऱ्याला काहीतरी मिळालं.

चारच आठवड्यांनी, 1 ऑक्टोबरला, कॅलिफोर्नियातल्या जेफ्री व्हाइट यांनी त्याच बंदीला स्थगिती दिली. व्हाइट यांची नेमणूक धाकट्या बुशची, म्हणजे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाची. राष्ट्राध्यक्षाचा हा अधिकार देशातल्या नोकऱ्यांचं धोरण ठरवायला वापरता येत नाही, असं त्यांनी धरलं. तीही स्थगिती सगळ्यांना नव्हती. ज्या संघटना दावा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या सभासदांपुरतीच. पुढे 1 डिसेंबरला एच-1बीचे पगार एका रात्रीत वाढवून ठेवणारा नियमही व्हाइट यांनीच रद्द केला. सूचना-हरकती न मागवता नियम लागू करण्याइतकी कसली घाई होती, हे सरकारला सांगता आलं नव्हतं. दोन जज आणि दोन्हीकडे निकाल मेसेजच्या बरोब्बर उलटा.

अजून हवी? मार्च 2020 मध्ये आयटी कन्सल्टन्सी कंपन्यांच्या दाव्यात रोझमेरी कॉलियर यांनी इमिग्रेशन खात्याचं 2018 चं परिपत्रक मोडीत काढलं. क्लायंटच्या साइटवर काम करणाऱ्या माणसाचा पुढच्या तीन वर्षांचा सगळा तपशील आधीच द्या, नाहीतर काही महिन्यांपुरताच व्हिसा घ्या, हा जो जाच चालला होता तो त्यांनी बेकायदा ठरवला. कॉलियरही बुश यांनी नेमलेल्या. उलट ओबामांनी नेमलेल्या बेरिल हॉवेल यांनी डिसेंबर 2025 मध्ये एच-1बीवरची एक लाख डॉलरची फी वैध ठरवली. ट्रम्प यांच्या बाजूने.

मुळात नेमणुकीवर सही एकाची असली, तरी नाव पुढे येतं ते त्या राज्याच्या सिनेटरांशी देवाणघेवाण करून. पेनसिल्व्हेनियातले मॅथ्यू ब्रॅन हे रिपब्लिकन पक्षाचे जुने कार्यकर्ते, पण त्यांचं नाव पाठवलं ओबामांनी. नोव्हेंबर 2020 मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेचा मतमोजणीविरुद्धचा दावा त्यांनीच फेटाळला. आता त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं ते मेसेजवाल्यांनी ठरवावं.

नेमणुकीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. गर्भपात, बंदुका, निर्वासित असे विषय आले, आणि त्यातही जिथे कायदा खरोखर दोन्ही बाजूंना वळू शकतो, तिथे कोणी नेमलं याची सावली निकालावर पडते. टीव्हीवर येतात ते हेच खटले. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण इथे शीतच वेगळ्या भांड्यातलं आहे. फेडरल ट्रायल कोर्टांत वर्षाला साधारण तीन लाख दिवाणी दावे दाखल होतात. त्यांत असतं काय? कैद्यांनी हाताने लिहून पाठवलेले अर्ज, अपंगत्वाची पेन्शन नाकारल्याच्या तक्रारी, विमा, ओव्हरटाइमचा बुडवलेला पगार, नोकरीतला भेदभाव, पेटंट, ट्रेडमार्क, औषधाच्या दुष्परिणामांचे हजारोंनी एकत्र बांधलेले दावे. विमा कंपनीच्या कलम सात-ब चा अर्थ रिपब्लिकन पद्धतीने कसा लावतात, हे मला कोणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

"वकील हवा तो जज निवडतात." हे अर्धं खरं, आणि अर्धं म्हणूनच नीट सांगायला हवं. देशात 94 फेडरल जिल्हे आणि जजची 677 मंजूर पदं. बहुतेक ठिकाणी दावा दाखल झाला की संगणकावर चिठ्ठी निघते आणि जज ठरतो. वकिलाच्या हातात तिथे काही नसतं. पण टेक्सससारख्या ठिकाणी जिल्ह्याचे पुन्हा विभाग आहेत आणि काही विभागांत एकच जज बसतो. तिथे दावा लावला की जज आपोआप ठरला. टेक्ससच्याच वेको शहरात अ‍ॅलन ऑलब्राइट हे स्वतः पेटंटची वकिली केलेले जज आले आणि 2021 पर्यंत अख्ख्या अमेरिकेतले जवळपास पाव पेटंट दावे त्या एका गावात येऊन पडायला लागले. जुलै 2022 मध्ये तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी हुकूम काढून ते दावे बारा जजांत वाटायला सुरुवात केली. सरकारी धोरणांविरुद्धच्या दाव्यांचा असाच ओघ टेक्ससमधल्याच अमॅरिलो शहराकडे होता. मार्च 2024 मध्ये फेडरल न्यायव्यवस्थेच्या मध्यवर्ती मंडळाने अशा दाव्यांचीही चिठ्ठीनेच वाटणी करा असं सुचवलं, पण ती सूचनाच होती आणि अमॅरिलो ज्या जिल्ह्यात येतं त्याने ती मानली नाही. ही खोट आहे. ती झाकायचं कारण नाही.

सगळ्यात मोठा घोळ आहे तो "जजच्या मनात येईल ते" या वाक्यात. ज्याने एकही निकालपत्र उघडलेलं नाही त्याचंच हे वाक्य असणार.

फेडरल जज दिवाणी दाव्यात जे ठरवतो ते बहुतेक अर्जांवर, म्हणजे तिथल्या भाषेत मोशनवर. पहिला टप्पा मोशन टू डिसमिस, म्हणजे दावा सुरुवातीलाच काढून टाका असा प्रतिवादीचा अर्ज. इथे जज वादीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे असं धरून चालतो आणि एवढंच विचारतो, की हे सगळं खरं असलं तरी कायद्यात याला दाद आहे का? "कोर्टाने आरोप मान्य केले" असा मथळा आपल्याकडे येतो तो बहुधा या टप्प्यावर, आणि तो चूक असतो. कोर्टाने काहीही मान्य केलेलं नसतं. दावा पुढे चालू दिलेला असतो. नंतर कागदपत्रं आणि ईमेल यांची देवाणघेवाण, साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या. मग समरी जजमेंट, म्हणजे ट्रायलशिवाय निकाल. महत्त्वाच्या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंत खरा वाद उरलाय का? नसेल तर जज कागदावरच निकाल देतो. असेल तर कोण खोटं बोलतंय असं वाटतंय हे ठरवायची त्याला मुभा नाही. ते ज्युरीचं काम.

आणि निकाल रेंगाळत ठेवायचीही फार सोय नाही. 1990 च्या एका कायद्यानुसार सहा महिन्यांहून जुने पडून राहिलेले अर्ज जजच्या नावानिशी वर्षातून दोनदा जाहीर होतात, 31 मार्च आणि 30 सप्टेंबर. आजन्म नेमलेल्या, पगार कमी करता न येणाऱ्या माणसालाही त्या यादीत नाव नको असतं. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निकालांची भाऊगर्दी होते ती उगीच नाही. आपल्याकडे असली यादी निघाली तर छपाईचा कागद पुरणार नाही, पण तो वेगळा विषय.

अपंगत्वाच्या पेन्शनचं प्रकरण आलं तर जजला तो माणूस अपंग आहे की नाही हे ठरवताच येत नाही. खात्याच्या फायलीत त्यांच्या निर्णयाला पुरेसा पुरावा आहे का, एवढंच पाहायचं. स्वतः जजला वाटलं की माणूस खरंच कामाला असमर्थ आहे, तरी फाइल पुरेशी असेल तर खात्याचा नकार कायम. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षांचा 75,000 डॉलरच्या वरचा वाद फेडरल कोर्टात येऊ शकतो, पण तिथे कायदा लावायचा तो राज्याचा. 1938 च्या एरी रेल्वेच्या निकालापासून हे बंधन आहे. रुळालगत चालताना गाडीतून बाहेर आलेल्या कशाचा तरी फटका बसून एका माणसाचा हात गेला, ज्युरीने त्याला 30,000 डॉलर दिले, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की फेडरल जजांनी असल्या वादांसाठी स्वतःचा वेगळा कायदा रचायचा नाही. पैसे गेले, नियम राहिला.

मग जजचं डोकं कुठे लागतं? ओरॅकल विरुद्ध गूगल या खटल्यात लागलं. 2012, सॅन फ्रान्सिस्को, जज विल्यम ऑल्सप. गूगलच्या अँड्रॉइडमध्ये ओरॅकलच्या जावा या प्रोग्रॅमिंग प्रणालीतून उचललेल्या कोडचा वाद. त्यात रेंजचेक नावाचं नऊ ओळींचं एक फंक्शन होतं. दिलेले आकडे यादीच्या मर्यादेत बसतात की नाही, एवढंच ते तपासतं. ओरॅकलचे नामांकित वकील सांगत होते की हे उचलल्यामुळे गूगलचा वेळ वाचला. ऑल्सप यांनी त्यांना भर कोर्टात सुनावलं, की मी स्वतः प्रोग्रॅमिंग करतो आणि असला तुकडा मी शंभरदा लिहिलाय. प्रोग्रॅमिंग हा त्यांचा जुना छंद. जावाच्या एपीआयच्या (तयार फंक्शन वापरण्यासाठीच्या नावांच्या आणि मांडणीच्या) रचनेवर कॉपीराइट लागू होत नाही, असा निकाल त्यांनी 31 मे 2012 ला दिला आणि तो लिहिताना पॅकेज, क्लास, मेथड म्हणजे काय हे पहिल्यापासून समजावून सांगितलं. इंजिनियर मंडळींनी एकदा वाचावा असा आहे. 2014 मध्ये वरच्या कोर्टाने तो उलटवला. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टात गूगल जिंकलं, पण फेअर यूजच्या, म्हणजे कॉपीराइट असला तरी रास्त वापराला मुभा असते या वेगळ्याच वाटेने. एवढा तयारीचा जज, तरी त्याच्या मनातलं शेवटचं ठरलं नाही.

ज्युरीचं थोडक्यात उरकतो. ती कॉफीची केस फेडरल कोर्टातली नव्हतीच. 1994 ची, न्यू मेक्सिकोच्या राज्य कोर्टातली. ज्युरीने दिलेल्या सुमारे 29 लाख डॉलरचे जजने 6 लाख 40 हजार केले आणि पुढे तडजोड झाली. फेडरल कोर्टांत 1962 मध्ये साडेअकरा टक्के दिवाणी दावे ट्रायलपर्यंत जायचे, 2002 मध्ये 1.8 टक्के, आणि आता शंभरात एकही धड जात नाही. एच-4 व्हिसावरच्या, म्हणजे एच-1बीवाल्यांच्या जोडीदारांना काम करू देणाऱ्या नियमाविरुद्धचा दावा घ्या, जो आपल्यातल्या कितीतरी घरांनी श्वास रोखून पाहिला. 2015 मध्ये दाखल. 2016 मध्ये तान्या चटकन यांनी वादींना लोकसच, म्हणजे दावा लावायचा हक्कच नाही म्हणून काढून टाकला, 2019 मध्ये अपिलात तो परत आला, मार्च 2023 मध्ये त्याच चटकन यांनी नियम वैध ठरवला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हात लावायला नकार दिल्यावर तो संपला. दहा वर्षं, आणि ज्युरी एकदाही बसली नाही.

राहिला "साधा जिल्हा जज". आपल्याकडे केंद्राच्या आदेशाला आव्हान द्यायचं तर माणूस रिट घेऊन हायकोर्टात जातो. तिथे तेच काम बहुतेक वेळा याच ट्रायल जजपुढे सुरू होतं, त्यामुळे आदेश अडवणारा पहिला माणूस तोच असणार, हे रचनेतच आहे. एका जजच्या मनाईने देशभर धोरण थांबायचं, हे मात्र खरं होतं आणि त्यावर दोन्ही पक्ष आलटूनपालटून ओरडायचे. 27 जून 2025 ला ट्रम्प विरुद्ध कासा या निकालात सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने ते बंद केलं. जेवढा दिलासा वादींना पुरेल तेवढाच द्या.

क्लास अ‍ॅक्शनचा, म्हणजे एकसारखी तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावायचा रस्ता मात्र उघडा ठेवला. वाद होता अमेरिकेत जन्मलेल्या काही मुलांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ट्रम्प यांच्या आदेशाचा. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-बापांची मुलंही त्या आदेशात येत होती. तेरा दिवसांनी, 10 जुलैला, न्यू हॅम्पशायरचे जोसेफ लाप्लांट यांनी अशा मुलांचा एक क्लास मान्य करून त्या क्लासपुरती आदेशाला मनाई केली. आई-बापांनाही क्लासमध्ये घ्या ही मागणी त्यांनी मानली नाही, आणि सरकारला अपिलात जाता यावं म्हणून स्वतःचाच हुकूम सात दिवस थांबवून ठेवला.