गावरान बियाणं हे फॅड आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही नीट देते, दोन ओळीत उरकण्यासारखा विषय नाहीये हा. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. उन्हाळी भाज्यांच्या नियोजनावर मी लिहिलं ते वाचून दादांचं म्हणणं असं की गावरान बियाणं हे शहरी लोकांचं फॅड आहे. त्यांनी मागच्या वर्षी ठाण्यात गॅलरीत ऑनलाइन मागवलेली हेअरलूम (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी राखत आलेल्या जुन्या वाणांची) पाकिटं लावली, कारल्याच्या दहातल्या सहाच बिया उगवल्या, चेरोकी पर्पल टोमॅटोला नुसती फुलं आली आणि गळून गेली, भेंडीची पानं पिवळी पडली. आणि शेवटी विचारलंय, गावरान एवढं भारी असेल तर शेतकरी हायब्रिड (दोन वाणांच्या संकरातून आलेलं पहिल्या पिढीचं बी) का लावतो, तो वेडा आहे का?

शेतकरी अजिबात वेडा नाहीये. त्याला एकाच आकाराचा माल हवा, एकाच वेळी तोडणीला यायला हवा, क्रेटमध्ये भरून मार्केटला पोचेपर्यंत टिकायला हवा, आणि हायब्रिड हे सगळं देतं. मी हायब्रिडच्या विरोधात एक शब्द लिहिलेला नाही, परत वाचून बघा. पण तुमच्या गॅलरीत ट्रक येणार नाहीये. तुम्हाला दोन-तीन महिने रोज थोडी थोडी भाजी हवी आहे. दोघांची गरज वेगळी म्हणून बियाणंही वेगळं चालतं, इतकंच.

आता टोमॅटो. इथे मला खरंच वाईट वाटलं कारण एवढी मेहनत केलीत आणि ती पाकीट विकणाऱ्याने वाया घालवली. चेरोकी पर्पल हे अमेरिकेतल्या टेनेसीकडचं जुनं वाण आहे, तिकडे थंडी संपता संपता घरात रोपं करतात आणि बर्फ गेला की बाहेर लावतात, यूट्यूबवर जे स्प्रिंग गार्डनचे व्हिडिओ दिसतात ते सगळं कॅलेंडर तिकडचं. आपल्याकडे फेब्रुवारीत रोप लावलं की ते फुलावर येतं एप्रिलमध्ये, ठाण्यात तेव्हा रात्रीसुद्धा २४-२५ डिग्रीच्या खाली उतरत नाही, आणि रात्री अशा गरम राहिल्या की टोमॅटोचे पराग नीट कामच करत नाहीत, फूल येतं, वाळतं, गळतं. मोठ्या फळांच्या वाणांना तर हा त्रास जास्तच. हेच बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाका, फुलं थंडीत येतील, मग बघा. हेअरलूम म्हणजे जुनं, पण कुठलं जुनं हे बघायला नको का? टेनेसीचं जुनं वाण ठाण्याच्या उन्हाळ्यात गावरान होत नाही.

कारल्याचं म्हणाल तर दहातल्या सहा ही उगवण वाईट नाहीच. बियाणे प्रमाणीकरणाच्या मानकांमध्ये वेलवर्गीय भाज्यांना किमान ६० टक्केच उगवण लागते, भेंडीला ६५, टोमॅटोला ७०, आणि हे हायब्रिडलाही लागू आहे. कारल्याचं कवच टणक असतं, नेलकटरने टोकाकडे जरासं खरवडा, रात्रभर कोमट पाण्यात टाका, मग ओल्या फडक्यात गुंडाळून गरम जागी ठेवा, कोंब दिसला की मातीत.

भेंडीच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो विषाणू पांढरी माशी पसरवते, उन्हाळ्यात ती फार असते, आणि जुन्या गावरान भेंडीत त्याला तोंड द्यायची ताकद असेलच असं नाही. म्हणून मी भेंडीला परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका लावा म्हणते. ही विद्यापीठ-संशोधन संस्थांनी काढलेली वाणं आहेत, भेंडीच्या रानटी भावंडाशी संकर करून, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करून स्थिर केलेली. ती हायब्रिड नाहीत, सरळ वाणं आहेत, म्हणजे यांचं बी धरता येतं आणि पुढच्या वर्षी तीच भेंडी येते.

आणि दादा, माझा सगळा मुद्दा हा बी धरण्याचाच आहे. पहिल्या वर्षी पाकीट फोडून लावलं की गावरान आणि हायब्रिडमध्ये हायब्रिडच सरस दिसणार, त्यावरून निकाल लावू नका. तुमच्या गॅलरीतल्या उन्हात, तुमच्या पाण्यावर जे झाड सगळ्यात निरोगी राहिलं त्याचं बी ठेवलं, पुढच्या वर्षी परत तेच केलं, की हळूहळू ते बियाणं तुमच्या जागेला सरावतं. हायब्रिडमध्ये हे होत नाही, त्याचं बी लावलं की गुण विखुरतात, एक झाड असं तर दुसरं तसं.

यात कष्ट आहेत, ते मी लपवत नाही. दुधीचंच बघा. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्यासारखं सकाळी नाही. मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. आज उमलणारी कळी दुपारपासूनच फुगून पांढरी दिसते, तेव्हाच दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने हलकी बांधायची म्हणजे किडे आधी आत जात नाहीत. अंधार पडताना दोरा सोडायचा, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे ओढायच्या, पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवायची, फूल परत बांधायचं आणि देठाला लाल लोकरीचा तुकडा अडकवायचा, म्हणजे घरातलं कुणी चुकून भाजीला तोडत नाही. तो दुधी वेलीवरच वाळू द्यायचा, हलवला की बिया खुळखुळल्या पाहिजेत.

हे का करायचं, तर आजूबाजूला कडू किंवा रानटी दुधी असेल आणि मधमाशी-पतंगांनी तिथला पराग आणला तर पुढच्या पिढीत कडू दुधी निघू शकतो, आणि कडू दुधी विषारी असतो, त्याचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. घरच्या बियाचा पहिला दुधी नेहमी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला की थुंका, चूळ भरा आणि दुधी फेकून द्या.

शहरी फॅड म्हणालात म्हणून राहीबाई पोपेरेंचं नाव घेते. अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे काही शहर नाही. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडे, भात, पालेभाज्या अशी किती वाणं राखली, २०२० सालची पद्मश्री त्याबद्दलच मिळाली. त्यांच्याकडून बी न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं अशी पद्धत. याला फॅड म्हणवत नाही हो मला.

या वर्षी काय कराल, तर टोमॅटो सोडा. संक्रांत झाली की रात्रीची थंडी उतरायला लागते, तेव्हापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चवळी, गवार, भेंडी, काकडी, दोडका, जे जमेल ते लावा, सोबत लाल माठ. बी धरायला सुरुवात मात्र चवळीपासून करा. तिचं परागीभवन फुलाच्या आतच होऊन जातं, दोरे बांधायची भानगड नाही. चांगल्या दोन झाडांच्या शेंगा सुरुवातीपासूनच तोडू नका, झाडावर वाळू द्या, सोलून दोन दिवस सावलीत पसरा, चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा म्हणजे भुंगा लागत नाही, आणि बरणीवर नाव-साल लिहा.

आणि भेंडीचं ते जुनं पाकीट अजून असेल तर मागची बाजू बघून कळवा, संकरित किंवा एफ-१ (म्हणजे हायब्रिडच) असं काही छापलंय का, आणि उगवण चाचणीची तारीख काय आहे. ते कळलं की पुढचं बोलू.