सॉकेटमधला कचरा वायफायमुळे येत नाही, तो फॉरवर्ड पुढं ढकलू नका

परवा रात्री दारव्ह्यावरून भाच्याचा फोन. "मामा, काटा बिघडला वाटते, 90 किलोचं गाठोडं ठेवलं त स्क्रीनवर 908 येऊन राह्यलं." पोट्ट्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कापसाच्या काट्याचं वजन सॉकेटवरून (दोन प्रोग्रामनी एकमेकांना डेटा द्यायची वाट) लॅपटॉपवर घ्यायचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला, अन् अडकल्यावर कोणीतरी त्याला तो फिरणारा मेसेज दिला, "टेक्स्टच्या मागं कचरा येतो? 4 पक्के उपाय". चारही वाचले, डोकं तापलं.

पहिला मुद्दा म्हणे नेटवर्क कमजोर असलं की फालतू अक्षरं घुसतात. अरे, पोट्टा दोन्ही प्रोग्राम एकाच लॅपटॉपवर 127.0.0.1 वर, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्यावर, चालवून राह्यला होता, वायफायचा संबंध कुठं आला? टीसीपी, म्हणजे सॉकेटमागची डेटा पोचवायची पद्धत, चेकसम (डेटा बिघडला का ते पाहायची बेरीज) तपासते, बिघडलेला तुकडा फेकून देते, तो परत पाठवला जातो.

दुसरा उपाय सगळ्यात घातक, "शेवटचं अक्षर कापून टाका". भाच्यानं कापलं, 908 चे 90 झाले, खूश झाला. मग आधीचंच 118 किलोचं गाठोडं परत ठेवलं तर आले 11! खऱ्या काट्यावर हे झालं असतं तर शेतकऱ्याचा 107 किलो कापूस तिथल्या तिथं गायब. तो 8 आला कुठून ते तर बघा. आधी बफरमध्ये (आलेला डेटा ठेवायची जागा) 1, 1, 8 पडलेले, नंतर 9 अन् 0 हे दोनच बाईट (इथं एक आकडा म्हणजे एक बाईट) आले, ते पहिल्या दोघांवर बसले, जुना 8 तसाच मागं राहिला. रीसीव्ह, म्हणजे डेटा घ्यायचं फंक्शन, किती बाईट आले तो आकडा परत देते, पण शेवटी शून्य (90 मधला 0 नाही, मजकूर इथं संपला ही खूण) लावून देत नाही, ते आपल्यालाच लावा लागते, आलेल्या शेवटच्या बाईटच्या लगेच पुढच्या जागेवर, अन् त्यासाठी बफरमधली एक जागा राखून वाचायचं. अन् मराठी मजकूर असला तर कापणं आणखी वाईट, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाईटमध्ये लिहायची पद्धत) "कापूस" म्हणजे 15 बाईट, त्यातला एक कापला की "स" फुटलाच.

तिसरा, दरवेळी मेमसेट, म्हणजे अख्खा बफर शून्यांनी पुसा. बरं, यात अर्धं खरं आहे, बफर आधी पुसला तर जुना 8 दिसत नाही. पण बफर काठोकाठ भरला तर शेवटच्या शून्याला जागाच उरत नाही. अन् पाठवणारा साईझऑफ (बफरची पूर्ण साईझ) लावून पूर्ण 1024 बाईट ढकलत असेल तर पुसून काय होते, तिथं मजकुराची खरी लांबीच द्यायची.

चौथा, दोन मेसेजच्या मधात स्लीप टाका, म्हणजे प्रोग्राम थोडा थांबवा. नाही! टीसीपीचं आताचं स्टँडर्ड आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा कागद) 9293, ऑगस्ट 2022 चं, त्यानं 1981 चं 793 बाजूला केलं, अन् दोन्हीकडं गोष्ट तीच, टीसीपी म्हणजे बाईटची सलग धार. तुमचा मेसेज कुठं संपला हे तिला माहीतच नसते, दोन चिकटून येतील नाहीतर एक तुटून येईल. म्हणून एकतर प्रत्येक वजनामागं नवी ओळ पाठवा अन् ती येईपर्यंत वाचत राहा, नाहीतर आधी लांबी पाठवा, अक्षरांची नाही, बाईटची.

भाच्यानं नवी ओळ लावली. रात्री साडेअकराला स्क्रीनचा फोटो आला, 118, खाली 90, खाली परत 118.