दमलेल्या पाहुण्याला मोबाईल वाजवून उठवू नका

वसंतातले हे तीन-चार आठवडे मी रोज सकाळी पार्किंगमधल्या झाडाखाली मान वर करून उभा असतो. शेजारी विचारतात, काही अडकलंय का वर? अडकलेलं काही नाही. शेंड्याच्या पानांत हिरवट वटवट्या आहे, स्थलांतराच्या वाटेवर थांबलेला चिमुकला पक्षी. जेमतेम सात-आठ ग्रॅमचा जीव, डोळ्यावर फिकट भुवई. पानाखालचा किडा टिपायला क्षणभर हवेत थरथरतो आणि दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत दुसऱ्या फांदीवर. आधी आवाज ऐकायचा, मग पान कुठं हलतंय ते बघायचं. मान मात्र दुखते.

स्थलांतर म्हटलं की लोकांना तळं आणि त्यावरचे थवेच आठवतात. वटवटे, माशीमार असे चिमुकले पक्षी बहुतेक रात्री उडतात. हवा थंड, शांत, आणि शिकारी पक्षी झोपलेले. दिशा कळायला तारे असतात. अमेरिकी पक्षिअभ्यासक स्टीफन एम्लेन यांनी तारांगणात पक्षी ठेवून हे दाखवलं; ते प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाले. उजाडताना अंगातली चरबी संपत आलेली, खाली नुसतं काँक्रीट, त्यात एखादा हिरवा तुकडा दिसला की सगळे तिथंच उतरतात. म्हणून जंगलात विखुरलेले पक्षी शहरातल्या बागेत एकाच झाडावर भेटतात. रात्री पाऊस झाला किंवा वारा उलटा असला, तर ती सकाळ अजिबात चुकवू नका.

पण मोबाईलवर त्यांचा आवाज वाजवून त्यांना पुढ्यात बोलावणं बंद करा. प्रतिस्पर्धी आला समजून पक्षी खाणं सोडून धावत येतो. फोटो झकास येतो, हे खरं. मीही एकदा केलंय. माशीमार तीनदा आला, चौथ्यांदा नुसता फांदीवर चोच वासून बसला. तो फोटो मी कुणाला दाखवला नाही.

मागच्या आठवड्यात जिन्याच्या काचेवर ‘टक्’ झालं. खाली वटवट्या, डोळे अर्धे मिटलेले. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवला. पाणीबिणी पाजलं नाही. तासाभरानं आत खुडबुड झाली, झाकण उघडताच भुर्रकन गेला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या भल्यामोठ्या संमेलन केंद्राच्या काचांवर आपटून एका रात्रीत सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी तिथं, पक्ष्यांना काच दिसावी म्हणून, काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली. दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटर अंतर, बस्स. एकुलतं एक ससाण्याचं स्टिकर चिकटवून मात्र काही होत नाही.

जिन्याच्या काचेवर मी खडूनं ठिपके काढलेत. दिसायला भयंकर आहेत, मान्य. रात्री उडणारे पक्षी उजेडाला भुलतात, म्हणून गच्चीवरचा फ्लडलाइट एवढे दिवस रात्री बंद ठेवा, असंही सोसायटीवाल्यांना सांगून आलोय. ‘बघू’ म्हणाले. काल रात्री दोनला उठून पाहिलं, चालूच होता.